भिंतीवरच्या बाबांचा दिवा

मित्रांनो, पूर्वी माझ्याकडे सरळ बघितलंत, तर तुमचे डोळे दिपले असते. आता खुशाल बघा. मी नाटकातला एक जुना स्पॉट, म्हणजे झोताचा दिवा आहे आणि माझ्यातला बल्ब गेलाय. पत्र्याचं काळं डबडं, पुढे बाटलीच्या बुडासारखी जाड काच, खाली एक वाकडा पाय. दिसायला काही विशेष नाही. डोकं मात्र पहिल्यापासून तापट. पेटल्यावर कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवला, तर गार झालेला चहा परत गरम व्हायचा.

मला बनवलं ते एका बोळातल्या कारखान्यात. कारखाना कसला, पत्र्याची शेड. ज्यानं मला ठोकून ठोकून गोल केलं, त्याचा अंगठा हातोडीखाली सापडला. त्यामुळे मी आयुष्यात ऐकलेला पहिला शब्द म्हणजे शिवी. तेव्हापासून माझं आणि शांतपणाचं कधी जमलं नाही.

मग मी नाटकाच्या थिएटरात लागलो. वर लोखंडी दांडीला उलटा टांगलेला, वटवाघळासारखा. खाली मोठमोठे नट. राजे, वकील, दारुडे, मरणारे म्हातारे. एक नट माझ्या उजेडात इतक्या वेळा मेला की शेवटी शेवटी मलाच जांभया यायला लागल्या. टाळ्या त्याला. मी वेळेवर पेटलो तर कोणी ब्र काढायचं नाही, आणि जरा उशीर झाला की सगळं थिएटर माझ्या नावानं खडे फोडणार. पण एक झालं. वर्षानुवर्षं चेहऱ्यांवर पडून पडून मला कळायला लागलं की कोण मनापासून करतंय आणि कोण नुसतं तोंड वाकडं करतंय.

पुढे नवे दिवे आले. सपाट, हलके, थंड डोक्याचे. मला उतरवलं आणि जिन्याखाली फेकलं. तिथे तुटकी सिंहासनं, खोट्या तलवारी आणि मी. एक उंदीर माझ्या पोटात राहायला आला. मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण त्याच्याशिवाय माझी चौकशी करणारं तिथे कोणी नव्हतं.

मला तिथून काढलं लाइटवाल्या मामांनी. नाटक असो, सिनेमा असो, शाळेचं गॅदरिंग असो, बोलावतील तिथे जाऊन दिवे लावणारा माणूस. त्यांना सख्खी बहीण नाही, पण अख्खं जग त्यांना मामा म्हणतं. मामांनी उंदराला हाकललं, काच घासली, वायर बदलली. माझा बल्ब आता कोणी बनवत नाही. तरी त्यांनी कुठल्या तरी बंद दुकानाच्या माळ्यावरून एक शोधून आणला.

"एवढा एकच मिळाला," मामा मला म्हणाले. "हा गेला की तूही निवृत्त. नीट राहा."

मला त्यांनी आणलं होतं एका सिनेमासाठी. मोठा सिनेमा नव्हता तो. एका ताईनं पदरमोड करून, मित्रमैत्रिणींना कामाला लावून काढलेला. ताई म्हणजे डायरेक्टर. पहिलाच सिनेमा, त्यामुळे जेवणाची आठवण नाही, झोपेचा पत्ता नाही आणि नाकाच्या शेंड्यावर राग. माझं तिच्याशी लगेच जमलं.

गोष्ट अशी होती. एका लहान मुलीचे बाबा वारतात, पण त्यांची सावली घरातल्या भिंतीवर तशीच राहते. घरात कोणाला त्याचं नवल वाटत नाही. सावलीला ऐसपैस उभं राहता यावं म्हणून आई कपाट सरकवते. शेजारीण येऊन विचारते, "यांना चहा द्यायचा की नाही?" मुलगी रोज शाळेतून आली की सावलीला दिवसभरातलं सगळं सांगते. शेवटी ते घर सोडायची वेळ येते. भिंत काही सोबत नेता येत नाही. मग मुलगी सावलीचा हात धरून तिला दारापर्यंत पोचवते. बस, एवढीच गोष्ट.

आणि ती सावली पाडायला मी. नव्या दिव्यांनी सावली धड पडतच नाही, नुसता धुरकट डाग पडतो. ताई मामांना म्हणाली, "मला जुना, रागीट दिवा पाहिजे." मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आता मुलगी कोण? शूटिंगसाठी एक रिकामं घर घेतलं होतं. भरदिवसा अंधार करायचा म्हणून खिडक्यांना काळे पडदे हवे होते. ते शिवायला एक टेलर आजोबा मशीन घेऊन आले आणि सोबत त्यांची नात. सहा-सात वर्षांची. एका जागी बसायची नाही, सारखी कुठे ना कुठे चढलेली, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायला लागले. आजोबा पडदे शिवत होते तेव्हा मुंगी त्यांच्या मशीनशी भांडत होती. "तू मुद्दाम दोरा तोडतेस. आजोबांना चष्मा आहे म्हणून तुला वाटतं त्यांना कळत नाही." एवढं ऐकून ताई जागच्या जागी थांबली. तिथल्या तिथे आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, "करेल ती. पण तिला ओरडायचं नाही. ओरडलात तर मी पडदे उसवून घरी नेईन."

सावली झाला आमचा सुतार. उंच, लांब मान, सरळ नाक, भिंतीवर पडला की एकदम कोणाचे तरी बाबा वाटायचा. मी आतल्या खोलीत, माझ्यापुढे सुतार, त्याच्यापुढे मधलं दार. त्या दारातून माझा उजेड बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर पडायचा आणि मुंगी त्या भिंतीपाशी. तिची स्वतःची सावली छोटी, बाजूला सुताराची मोठी.

आणि इथे ताईनं शहाणपणा केला. तिनं सगळ्यांना बजावलं, "सावली कोणाची आहे हे मुंगीला कळता कामा नये. तिला खरंच वाटलं पाहिजे की भिंतीवर कोणीतरी आहे. तरच चेहऱ्यावर खरं येईल." मुंगीला सांगितलं, मागे वळून दिव्याकडे बघायचं नाही, डोळे जातील. सुतारानं मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं, जेवायचं एकट्यानं, खोकायचं नाही.

"मी काय चोर आहे?" सुतार मामांजवळ कुरकुरायचा. "घरी बायको विचारते, सिनेमात काय करतोस? काय सांगू, भिंत काळी करतो?"

"भिंतच काळी करतोयस, तोंड नाही, ते नशीब समज," मामा म्हणाले.

मला त्या शहाणपणाचा तेव्हाच राग आला होता, पण मला बोलता येत नाही. फार तर मी जास्त तापतो.

सुतारांची एक सवय असते. कामाला लागले की पेन्सिल कानावर. ती तिथे आहे हे ते विसरूनही जातात आणि मग दिवसभर शोधत बसतात. एकदा सकाळी दाराची चौकट ठोकता ठोकता त्याला हाक आली आणि तो तसाच माझ्यापुढे येऊन उभा राहिला. कानावर पेन्सिल. कॅमेरा सुरू झाला. भिंतीवर बाबांची सावली आणि कानातून निघालेलं लांबच लांब शिंग! ताईला दिसलं नाही, ती मुंगीकडे बघत होती. कॅमेरावाल्या दादाला दिसलं नाही. दिसलं फक्त मुंगीला.

तिनं शाळेची बडबड चालू ठेवली होती. मध्येच थांबली. मान तिरकी करून भिंतीकडे बघितलं. मग एक स्टूल ओढलं, त्यावर चढली, म्हणाली, "बाबा, हे काय अडकलंय? हलू नका हं." आणि चिमटीनं भिंतीवरची ती पेन्सिल धरली.

सुताराला पेन्सिल आठवली. त्यानं हळूच हात वर नेला आणि कानावरची पेन्सिल काढली. नेमकी त्याच क्षणाला मुंगीनं चिमूट ओढली. सावलीच्या कानातून ती वस्तू तिनं उपटली, मित्रांनो! मी पत्र्याचा आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला. मुंगीनं मूठ उघडली, रिकाम्या तळहाताकडे बघितलं, फुंकर मारली आणि पुढची बडबड सुरू केली. जणू असं रोजच होतं.

"कट!" ताई ओरडली आणि चक्क नाचली. "बघितलंत? तिला खरंच वाटतंय! मी म्हटलं नव्हतं?"

सगळे ताईच्या हुशारीवर खूश. मी गरम होऊन बसलो होतो.

जेवणाच्या सुट्टीत सुतार आतल्या खोलीत पाठ करून डबा खात होता. पडदा हलला आणि मुंगी आत आली. सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, पेन्सिल काढून ठेवत जा ना. मी स्टुलावरून पडले असते म्हणजे?"

सुताराला ठसका लागला. "अगं ए! तू इथे यायचं नाहीस! ताई मला जिवंत गाडेल!"

"मी नाही सांगणार. तुम्ही पण नका सांगू."

"कधीपासून कळलंय तुला?"

"पहिल्यापासून. तुमचे बूट कर्रकर्र वाजतात. सावलीला कुठे बूट असतात?"

"मग बोलली का नाहीस?"

मुंगीनं त्याच्या डब्यातला एक घास उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "ताईला वाटतं मला माहीत नाही. तिला मजा येते. वाटू दे ना तिला."

आणि गेली. सुतारानं चमचा खाली ठेवला आणि वाकून पायातले बूट काढले. मी इतके नट बघितले, पण प्रेक्षकांसाठी एक नाटक आणि डायरेक्टरसाठी दुसरं, अशी दोन नाटकं एकाच वेळी करणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते स्टुलावर चढल्याशिवाय माझ्या उंचीलाही येत नव्हतं.

त्या दिवसापासून मी नीट बघायला लागलो. सिनेमातल्या आईनं सावलीपुढे ताट ठेवलं की मुंगी आधी सावलीचा हात बघायची, मग ताट थोडं भिंतीकडे सरकवायची. बोलताना सावलीच्या पोटाशी नाही, चेहऱ्याशी बोलायची, मान दुखेपर्यंत वर करून. सुतार दमून एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला की ती म्हणायची, "बाबा, टेका ना भिंतीला." मुळात भिंतीवरच असलेल्या माणसाला! हे काही लिहिलेलं नव्हतं. ताई रोज म्हणायची, "काय विश्वास बसलाय पोरीचा." विश्वास बसला नव्हता, ती तो बसवत होती. यात फरक आहे, आणि तो कोणाला दिसत नव्हता याची मला चीड यायची.

शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी घरमालकाला घर परत द्यायचं होतं. एकच सीन राहिला होता, दाराचा. तोच नसेल तर सिनेमाला शेवट नाही. त्यात माझा बल्ब आतून काळा पडत चालला होता. मामा ताईला म्हणाले, "हे बल्ब जातात ते पेटवताना. आज एकदा पेटेल. विझवला तर परत पेटेल याची हमी मी देत नाही."

ताईचा चेहरा उतरला. तिला मुलीच्या डोळ्यांत पाणी हवं होतं, तेही पहिल्याच फटक्यात. मग तिनं नको ते केलं. मुंगीला जवळ घेतलं, खाली बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "मुंगी, एक वाईट गोष्ट सांगायचीय. सावली आहे ना, ती खरंच चाललीय. आज गेली की परत कधी येणार नाही. कधीच नाही."

आजोबांचं मशीन थांबलं.

तेवढ्यात आतून सुताराचा आवाज आला. "अहो ताई, पुरे झालं! मी जिवंत आहे!" आणि गडी सरळ दारातून बाहेर. सीनसाठी मामांनी मला आधीच पेटवलं होतं. भिंतीवरची त्याची सावली लहान लहान होत त्याच्याएवढीच उरली.

"बाहेर का आलात तुम्ही!" ताई किंचाळली. "सगळं घालवलंत! सगळं!"

"आणि तुम्ही काय करत होतात?" आजोबा उठले. चष्मा कपाळावर, हातात कात्री तशीच. "हिचा बाप ट्रकवर असतो. महिना महिना घरी येत नाही. गाडीचा आवाज झाला की पोर खिडकीत धावते. आणि हिला 'परत येणार नाही' म्हणून रडवताय? चल गं मुंगे. झाला सिनेमा."

त्यांनी तिचा हात धरला. ताई भिंतीला पाठ लावून खाली बसली. कॅमेरावाला दादा जमिनीकडे बघत होता. मामांचा हात माझ्या बटणावर. दाबू की नको, असा. मला वाटलं, संपलं सगळं. माझंही आणि सिनेमाचंही.

मुंगी हलली नाही. सुताराकडे बघून ती वैतागून म्हणाली, "काका, तुम्ही कशाला आलात? आता ताईला कळलं ना."

ताईनं मान वर केली. "तुला... माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आजोबांबरोबर लपाछपी खेळताना मी पलंगाखाली असते. माझे पाय बाहेर असतात. आजोबांना दिसतात. तरी ते म्हणतात, अरे, इथे तर कोणीच नाही. तेव्हा मी हसत नाही. हसलं की खेळ संपतो."

आजोबांनी कात्री खाली ठेवली.

"मला करायचंय, आजोबा," मुंगी म्हणाली. "मी रोज केलंय. आता शेवटचंच कसं सोडायचं?"

आजोबांनी तिचा हात सोडला. ताई उठली, त्यांच्यापुढे आली. "चुकलं माझं," ती म्हणाली. मग मुंगीपुढे गुडघ्यावर बसली. "तुझी पण माफी मागते. खोटं बोलले. आता तूच सांग, कसं करूया?"

"तू सांग ना. तू डायरेक्टर आहेस."

"ठीक आहे. सावली दारातून जाते आणि तू रडतेस."

"बरं," मुंगी म्हणाली. आणि रडली! सीन सुरू झाला, सुतार हळूहळू बाजूला सरकला, त्याची सावली भिंतीवरून घराच्या उघड्या दाराकडे निघाली, मुंगी तिचा हात धरून सोबत. दारापुढे भिंत नाही म्हणून सावली तिथे पोचली की कापल्यासारखी नाहीशी होत गेली. खांदा गेला, कान गेला, शेवटी हात. मुंगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कुठलंही खोटं न सांगता. "कट" म्हणताना ताईचा आवाज फाटला. मामा नाक ओढत होते. सुतार तर भिंतीकडे तोंड करून उभा.

"सुंदर," ताई म्हणाली. "झालं. मामा, विझवा."

"थांबा!" मुंगीनं दोन्ही डोळे बाहीला पुसले. कपाळाला आठ्या. "हे बरोबर नाही झालं."

"अगं, किती छान रडलीस."

"तेच तर. ती रडली तर बाबा कसे जातील? माझे बाबा ट्रकवर निघतात तेव्हा मी रडले तर ते परत खाली उतरतात. मग त्यांना उशीर होतो आणि मालक ओरडतो. म्हणून मी रडत नाही. गाडी वळेपर्यंत."

आजोबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

ताईनं मामांकडे बघितलं. मामांनी माझ्यावर हात धरून धग बघितली. "विझवत नाही," ते म्हणाले. "असाच पेटता ठेवतो. पण लवकर करा. हा फार तापलाय."

"त्याला सांगा, थोडाच वेळ," मुंगी म्हणाली.

मामा सोडले तर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारात घेतलं होतं. माझ्या आत तार थरथरत होती. मी मनात म्हटलं, फुटायचं असेल तर नंतर फूट बाबा, आत्ता नाही. आणि धरून राहिलो.

या वेळी मुंगी सावलीबरोबर चालली ती गप्पा मारत. गल्लीतलं कुत्रं व्यालं, बाईंनी नवीन चष्मा घेतला, असलं काहीबाही. दाराशी आल्यावर तिनं हात सोडला. "सावकाश जा," म्हणाली. सावली गेली. खांदा, कान, हात. मुंगी तशीच उभी. ओठ घट्ट मिटलेले. पाणी डोळ्यांच्या काठापर्यंत आलं आणि तिनं ते तिथेच थोपवलं. मोठमोठ्या नटांना पाणी आणता येतं, मित्रांनो. आलेलं थोपवताना मी कोणाला बघितलं नव्हतं.

मग ती वळली. भिंतीवर आता एकच सावली होती, तिची, छोटीशी. मुंगीनं तिच्याकडे बघितलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, विस्कटलेले केस सारखे केले आणि म्हणाली, "चल, आपण जेवून घेऊ."

ताई "कट" म्हणायचंच विसरली. ते ऐकल्याशिवाय मुंगी काही जागची हलेना. शेवटी दादानंच कॅमेरा बंद केला. मामांनी मला विझवलं. मी पुन्हा पेटलो नाही.

पुढचं मला मामांनी सांगितलं. सिनेमा छोट्या छोट्या हॉलमध्ये लागला. कुठे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, कुठे लोक मागे उभे. दिवे लागल्यावर लोक ताईला विचारायचे, "एवढ्याशा मुलीकडून हे करून कसं घेतलंत हो?" ताई म्हणायची, "मी करून घेतलं नाही. ती करत होती, मी मध्ये मध्ये येत होते." लोकांना वाटायचं, ताई विनय दाखवतेय. बायका मुंगीचे गाल ओढायच्या, "किती गं गोड!" मुंगी गाल चोळत मागे सरकायची. एकदा तिचे बाबा सुट्टी मिळवून आले आणि आजोबांशेजारी बसून त्यांनी सिनेमा बघितला. घरी जाताना मुंगीला त्यांनी खांद्यावर घेतलं आणि गाडीपाशी आल्यावरही खाली उतरवलं नाही.

मी आता मामांच्या खोलीत कपाटावर असतो. ते आठवड्याला माझी काच पुसतात. बल्ब शोधणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. मिळाला तर बरं, नाही मिळाला तरी माझी तक्रार नाही. जिन्याखाली पडून गंजण्यापेक्षा असं कामात विझलेलं बरं.

फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. वस्तू जपा, ते तर आहेच, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना उंदरांच्या हवाली करू नका. पण त्याहून जास्त हे की एखादं पोर मन लावून काही करत असेल, तर त्याला फसवून करून घ्यायला जाऊ नका. त्याला सरळ विचारा. आणि नुसतं गोड म्हणून गाल ओढू नका, त्यानं काम काय केलंय ते बघा. उद्या तुमच्या घरात कोणी धाकटं भिंतीशी बोलताना दिसलं, तर "काय वेड्यासारखं करतेस" म्हणून हसू नका. एक दिवा लावा आणि बाजूला व्हा.